कुठल्या पानावर आहात, तेही कळवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'सध्या काय वाचताय?' या प्रश्नाला वाचकांची उत्तरं येऊ लागल्यापासून मी ती न चुकता वाचतो. काही दोनदा वाचतो. पण परवा एका गृहस्थांनी सतरा पुस्तकांची नावं धाडली होती. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि पुढे एकेक शब्द: अप्रतिम, वाचनीय, संग्राह्य. मला डिचोलीच्या बाजारात भुसाऱ्याकडे द्यायची यादी आठवली. तूरडाळ दोन किलो, गूळ एक किलो, सोलां पाव. सतरा पुस्तकं एका वेळी हाताळणाऱ्या माणसाला माझा दंडवत आहे, पण तो ती कुठे बसून वाचतो, कुणी दिली, कुठल्या पानावर गाडी अडली आणि कुठलं अर्ध्यावर टाकलं, हे काही त्यात नाही. नुसतं नाव तर दुकानदारही सांगतो.

म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण इंजिन ड्रायव्हरचा भाग ठेवा. त्याला मी छापून येईल असं सांगून बसलो आहे.

मी लेखक नव्हे, प्राध्यापक नव्हे. नार्वेचा माणूस. विसाव्या वर्षी नदीतून खनिज वाहणाऱ्या बार्जीवर खलाशी म्हणून चढलो आणि साठाव्या वर्षी मास्टर, म्हणजे कप्तान, म्हणून उतरलो. लोकांना वाटतं बार्ज म्हणजे सदा धावणारी वस्तू. खरं तर त्या नोकरीतला निम्मा वेळ वाट बघण्यात जातो. सारमानसच्या धक्क्यावर भरायचा नंबर लागेपर्यंत थांबा. भरल्यावर भरतीसाठी थांबा. मुरगाव बंदरात जहाजाला लागायची पाळी येईपर्यंत नांगर टाकून थांबा. पावसाळ्यात आग्वादकडचं मांडवीचं तोंड बंद, मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारी नदीत उतरायचं, तिथेही पाण्याचा अंदाज घेत आणि काठावर पडलेल्या मगरी मोजत थांबा. सात-आठ माणसं, तोंडं तीच, विषय तेच. पत्त्यांचाही कंटाळा आला की माणूस वाचायला लागतो. मी वाचायला लागलो तो असा. कुणी संस्कार वगैरे केले नाहीत.

माझ्या झोपायच्या फळीखाली पत्र्याची एक ट्रंक असायची. तिला सगळे लायब्ररी म्हणत. झाकणाच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचं: कुणी काय नेलं. त्यात सगळ्यांत जास्त बाबूराव अर्नाळकर. काळापहाड आणि झुंजार यांनी मांडवीत जितक्या फेऱ्या मारल्या तितक्या आमच्या मालकाच्या बार्जींनीही मारल्या नसतील. पुस्तकं इतक्या हातांतून गेलेली की मुखपृष्ठ नाही, आणि पुष्कळदा शेवटचं पानही नाही. रहस्यकथेचं शेवटचं पान नसणं म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल. मग जेवताना चर्चा. भंडारी, म्हणजे आमचा स्वयंपाकी, दरवेळी वकिलावर संशय घ्यायचा, कारण त्याचा स्वतःचा जमिनीचा खटला चालू होता. शेवटी निकाल द्यायचा इंजिन ड्रायव्हर. तो दिवाडी बेटावरचा, किरिस्तांव म्हणजे ख्रिस्ती, देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. पण आमच्या देवळाच्या जत्रेतली मराठी नाटकं त्याने लहानपणापासून पहाटेपर्यंत बसून पाहिलेली, त्यामुळे मराठी कानाला पक्की. मी मोठ्याने वाचायचो, तो तेलाचे हात पुसत ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "खुनी कोण तें हांव सांगतां." त्याने नाव घेतलं की प्रकरण बंद. अर्नाळकरांच्या मनात कोण होता, ते आम्हाला आजतागायत माहीत नाही.

दिवाळी अंकांसाठी सगळे मिळून वर्गणी काढायचो. 'आवाज' आला की त्यातली खिडकीचित्रं आधी खलाशी उघडायचे, मग भंडारी, मग ड्रायव्हर, आणि मास्टरच्या हाती अंक पडेपर्यंत खिडक्यांचे दरवाजे निखळलेले असत. नारायण धारपांची पुस्तकं मी मुद्दाम रात्री काढायचो. एक नवा पोरगा होता, पेडण्याकडचा. धारप ऐकल्यावर तो दोन रात्री नाळेकडून मागे एकटा जायला तयार नव्हता, आणि बार्जीच्या मागच्या टोकालाच तर संडास.

२०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद झाल्या तेव्हा बार्जी नदीकाठाला बांधून ठेवल्या. राखणीला दोघं-तिघं. त्या काळाबद्दल लिहायचं तर दुसरं पत्र होईल, कर्ज काढून बार्जी घेतलेल्यांचं काय झालं, ट्रकवाल्यांचं काय झालं. ते सगळं आपल्या वर्तमानपत्रात वेळोवेळी येऊन गेलं आहे. मी एवढंच सांगतो की आयुष्यातलं सर्वांत जास्त वाचन मी त्या बांधलेल्या बार्जीवर केलं आणि त्या वाचनाचा आनंद मात्र पुरता झाला नाही. इंजिन बंद असलेल्या बार्जीवर शांतता फार असते. पानं उलटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो.

असो. आता 'सध्या'कडे येतो.

सध्या मी मुख्यतः 'ख्रिस्तपुराण' वाचतो आहे. दचकू नका. ते कसं सुरू झालं, ते सांगतो.

दर वर्षी मराठी भाषा दिनाला आपल्याकडे कार्यक्रम होतो आणि दर वर्षी कुणीतरी पाहुणा 'ख्रिस्तपुराण' रचणाऱ्या फादर स्टीफन्सची ती ओवी म्हणतो, मराठीची थोरवी सांगणारी, हरळांमधल्या रत्नकिळेची. टाळ्या पडतात. मी ती ओवी इतक्यांदा ऐकली आहे की बार्जीवर झोपेत विचारली असती तरी म्हटली असती. एका वर्षी कार्यक्रम संपल्यावर मी पाहुण्यांजवळ गेलो आणि विचारलं, "सर, याच्या पुढची ओवी कोणती?" त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चूक त्यांची नव्हे. पुढची मलाही ठाऊक नव्हती. पण लाज वाटली. इंग्लंडात जन्मलेला माणूस १५७९ साली गोव्यात येतो, इथली भाषा शिकतो, जवळपास अकरा हजार ओव्या रचतो, त्या १६१६ साली आपल्या सासष्टीत रायतूरला छापल्या जातात, आणि आपण चारशे वर्षं त्यातली एक ओवी पाठ करून टाळ्या घेत बसलो आहोत.

पणजीला पाट्टोवर संस्कृती भवनातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन मी आधी ते नुसतं उघडून पाहिलं. कदंब बसस्थानकावर उतरलं की चालत जाता येतं, हे या ग्रंथालयाचं मोठं पुण्य. (पूर्वी ते मिनेझिस ब्रागांझाच्या इमारतीत होतं, तिथल्या प्रवेशदारातल्या निळ्या फरशांवरच्या चित्रांतली गलबतंच मी जास्त बघायचो.) तिथे बसून पहिली पानं वाचली आणि कळलं की हे पुस्तक एकट्याने वाचायचं नव्हे. ओवी आहे ती. तोंडाने म्हणायला हवी. जुन्या काळी त्यांच्या देवळात, म्हणजे इगर्जीत (चर्चमध्ये), लोक जमून हेच ऐकायचे.

पुढे साखळीच्या एका निवृत्त मास्तरांनी त्यांच्याकडची प्रत दिली. शांताराम बंडेलूंनी संपादलेली, १९५६ ची, पुण्याला देवनागरीत छापलेली. अट एकच: पान दुमडायचं नाही. मी शब्द दिला आणि फेरी धरून दिवाडीला गेलो.

आता दहा महिने झाले. दर रविवारी जेवून झालं की नार्वेच्या धक्क्यावरून फेरी, पलीकडे दिवाडी, ड्रायव्हरच्या घरच्या बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, दोन खुर्च्या. तो आता एकाहत्तर वर्षांचा आहे. इंजिनाच्या आवाजाने उजवा कान गेला आहे, म्हणून मी त्याच्या डावीकडे बसतो. पहिल्या दिवशी मी सुरुवातीचं नमन वाचायला घेतलं आणि त्यात 'देवा बापा सर्वसमर्था' आलं. त्याने हात वर करून मला थांबवलं. "परत वाच." परत वाचलं. म्हणाला, "हें म्हजे मांयचें मागणें." त्याची आई रात्री दिवा लावून जी प्रार्थना म्हणायची तिची सुरुवात 'देवा बापा' अशीच व्हायची. चारशे वर्षांपूर्वी छापलेलं आणि पन्नास वर्षांपूर्वी वारलेल्या आईच्या तोंडचं एकच. तो मग बराच वेळ काही बोलला नाही. आणि मीही वाचलं नाही. त्या रविवारी आमच्या एकूण अकरा ओव्या झाल्या.

पुढे मात्र तो खुलला. स्टीफन्स स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणतो. ड्रायव्हर म्हणाला, "तुमच्या वैकुंठांत आमचो देव कसो पावलो?" मी म्हटलं, फेरीने आला असेल. आमच्या नार्वेचा सप्तकोटेश्वर मुळात दिवाडीचा, पोर्तुगीज काळात नदी ओलांडून इकडे आला. देवांनी नदी ओलांडायची आमच्याकडे रीत आहे.

गंमत अशी की 'ख्रिस्तपुराण' पहिल्यांदा छापलं ते रोमन अक्षरांत. देवनागरीचे खिळे तेव्हा इथे नव्हते. भारतातला पहिला छापखाना जुन्या गोव्यात १५५६ साली आला खरा, पण त्याच्याकडे अक्षरं रोमन. म्हणजे मराठी भाषेतलं हे पुस्तक आधी ड्रायव्हरच्या लिपीत जन्मलं आणि पुष्कळ काळाने माझ्या लिपीत आलं. हे कळल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी त्याचा माड कापून माझ्या अंगणात लावला. "म्हणजे हें पुस्तक हांवें तुका वाचून दाखोवपाचें!" १९०७ साली मंगळूरला त्याची रोमन आवृत्ती निघाली होती, ती कुठे मिळते का ते त्याचा पुतण्या शोधतो आहे. मिळाली की आम्ही आळीपाळीने वाचू. त्याला कोकणी 'पुस्तकां' वाचायची सवय आहे, रोमी लिपीतली. मराठी की कोकणी या वादात आम्ही दोघं चाळीस वर्षांत एकदाही पडलो नाही. बार्जीवर कामाची भाषा शिव्यांची होती आणि त्यात दोन्ही बाजूंनी भरघोस योगदान होतं.

सर्वांत जास्त वेळ लागला तो नोहाच्या तारवाला. लोक ते प्रकरण श्रद्धेने वाचतात. आम्ही ते तीन रविवार तपासलं. तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच, ही मापं ड्रायव्हरला बायबलातून पाठ होती. त्याने काडीने अंगणात आखून पाहिलं. आमच्या बार्जीच्या दुप्पट लांबी. लांबीला रुंदी सहास एक, हे प्रमाण त्याला पटलं. म्हणाला, ज्याने सांगितलं त्याला जहाज कळत होतं. पण इंजिन नाही, सुकाणू नाही, आणि हत्ती एका बाजूला गेले तर? मी म्हटलं, खनिज जसं आपण फावड्याने सारखं करून घ्यायचो, तसे त्याने हत्ती मध्यावर बांधले असतील. तो म्हणाला, खनिज शेण टाकत नाही. अशी आमची टीका चालू असताना त्याची सून चहा घेऊन आली आणि दोघांना तिने पापी म्हटलं.

मी हिशेब केला आहे. रविवारी चाळीस ओव्या धरल्या तर सगळं मिळून पावणेतीनशे रविवार, म्हणजे सव्वापाच वर्षं. त्यातून फेस्त, चवथ, जत्रा, लग्नं वजा. गेल्या महिन्यात बोंदेऱ्याच्या, म्हणजे दिवाडीच्या उत्सवाच्या, दुसऱ्या दिवशी गेलो तर तो उठलेलाच नव्हता. त्याला हिशेब सांगितला तेव्हा म्हणाला, "बरें. तोमेरेन रावतां." (तोपर्यंत थांबतो.) मी म्हटलं, थांबायलाच हवं, पान दुमडायचं नाही असा शब्द दिला आहे.

पंधरा ऑगस्टला त्यांच्याकडे सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताच्या पातोळ्या, आमच्याकडे नागपंचमीच्या. हळदीची पानं एकाच पावसाची. बायकोने डबा भरून दिला आणि पुस्तकाची पिशवी वेगळी, असं दोनदा बजावलं. "तेल लागलें जाल्यार मास्तरांक तोंड कशें दाखयतले? आनी बेगीन, फेरी चुकतली." पुस्तकाला अजून तरी डाग नाही.

दुसरं पुस्तक 'स्मृतिचित्रे'. हे मी बांधलेल्या बार्जीवर पहिल्यांदा वाचलं होतं, पण तेव्हा मन थाऱ्यावर नव्हतं, म्हणून परत घेतलं. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळं, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायचं त्यांचं वेड, हे वाचताना मला हसू आवरेना. माझी सून बाहेर आली. ती बांद्याकडची, डिचोलीला बँकेत आहे. "बाबा, एकटे कशाला हसताय?" मी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक जागेवर नव्हतं. तिच्या पर्समध्ये होतं.

तेव्हापासून एका पुस्तकात दोन खुणा आहेत. माझी खूण म्हणजे भरती-ओहोटीच्या जुन्या कोष्टकाची पट्टी, तिची बसचं तिकीट. ती दिवसा, मी रात्री. सुरुवातीला माझी पट्टी पुढे होती. आता तिकीट साठ पानं पुढे गेलं आहे, आणि स्वयंपाकघरातून ती मुद्दाम म्हणते, "बाबा, पुढे काय होतं ते सांगू?" मला पुढे काय होतं ते माहीत आहे, १८९५ ला टिळक ख्रिस्ती झाले, पाच वर्षांनी लक्ष्मीबाईही, मी एकदा वाचलंय. तरी मी नको म्हणतो. शाळा जवळजवळ न पाहिलेली बाई, नवरा कवी आणि लहरी, हातात पैसा टिकत नाही, आणि ती हे सगळं कुणालाही दोष न देता, पण कुणालाही न सोडता सांगते. सून म्हणाली, या बाईला फेसबुक मिळालं असतं तर. मी म्हटलं, मिळालं नाही म्हणून तर पुस्तक झालं.

एक गोष्ट मला उशिरा सुचली. टिळकांनी 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य सुरू केलं आणि ते वारल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पुरं केलं. म्हणजे ख्रिस्ताची कथा मराठी काव्यात एकदा रायतूरच्या इंग्रज पाद्रीने लिहिली आणि तीनशे वर्षांनी नाशिककडच्या एका ब्राह्मणाच्या मुलीने. हे मी दिवाडीला सांगितलं. ड्रायव्हरने एकच विचारलं, "ती बाई ओव्या मोजून लिहायची की न मोजता?" हा प्रश्न कुठल्याही परिसंवादात ऐकलेला नाही. आधी हे पुराण संपू दे, मग तेही वाचायचं ठरलं आहे. म्हणजे अजून किती वर्षं, तो हिशेब आम्ही केलेला नाही.

तिसरं दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'. हे मी १९९४ साली पणजीला अखिल भारतीय संमेलन भरलं होतं तेव्हा तिथल्या ग्रंथप्रदर्शनात घेतलं. राम शेवाळकर अध्यक्ष होते. मी भाषण ऐकलं नाही, भरती दुपारची होती. या पुस्तकाचा माझा नियम असा की जो महिना चालू असेल तेवढंच वाचायचं. पुढचा महिना आधी वाचणं म्हणजे चवथीचे मोदक आषाढात खाणं. तीस वर्षं झाली, बहुतेक वर्षी सगळे महिने होत नाहीत. पुष्कळ ठिकाणी मी बाईंशी भांडतो. त्यांचा वैशाख वाचताना माझ्या नाकात काजूच्या बोंडूंचा वास येतो, हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, भट्टीचा धूर येतो, आणि तो पुस्तकात नसतो म्हणून चिडचिड होते. समासात पेन्सिलीने माझं लिहितो. आता समासातलं पुस्तक मूळ पुस्तकाइतकं व्हायला आलं आहे.

नातवाबरोबर 'फास्टर फेणे' चाललंय. तो इंग्रजी शाळेतला, चौथीला. मराठी अक्षरं जुळवत वाचतो, जोडाक्षर आलं की माझ्याकडे बघतो. पण फुरसुंगीचा तो किडकिडीत पोरगा 'ट्टॉक' म्हणतो ते त्याला फार आवडलं आहे. हल्ली घरात अभ्यास सोडून सगळ्याला 'ट्टॉक' चालू आहे. पुस्तकाचं नाव मी ड्रायव्हरला सांगितलं तर तो म्हणाला, "फास्टर फेणी? ती काजूची की माडाची?" भा. रा. भागवतांनी हा प्रश्न कुठे अपेक्षिला असेल.

आता टाकून दिलेलं. मुलाने वाढदिवसाला एक जाड कादंबरी दिली, बक्षीस मिळालेली. नाव लिहीत नाही, कारण दोष माझाही असू शकतो. साठाव्या पानापर्यंत गेलो. त्यात प्रत्येक माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि त्याला काहीतरी जाणवतं. मी चाळीस वर्षं सुकाणूच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर बघितलं. जाणवायला लागलं की बार्ज रुतायची. पुस्तक कपाटात आहे. पावसाळा फार लांबला तर बघू.

जवळपासच्या एका वाचनालयाबद्दल एवढंच, की तिथे एक काचेचं कपाट आहे, त्यात जुनी गोमंतकीय लेखकांची पुस्तकं दिसतात. महादेवशास्त्री जोशींचं 'आत्मपुराण' मला बाहेरून दिसतं. त्यांचं गाव आंबेडे, आमच्या शेजारच्या सत्तरीतलं, त्यामुळे माझा त्यावर थोडा हक्कही आहे. पण कपाटाची चावी गेली तीन वर्षं सापडत नाही. मी म्हटलं, कुलूप तोडा, नवीन मी आणून देतो. तर म्हणे ठराव लागतो. मी अधूनमधून जातो, काचेपाशी उभा राहतो आणि पुस्तक आहे ना, एवढं बघून येतो.

शेवटी एक विनंती, आणि खरं तर या विनंतीसाठीच पत्र लिहायला बसलो. ट्रंकेत जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' होतं. दळवींचा जन्म आपल्या हडफड्याचा, वाढले आरवलीला. ती माणसं वाचताना आम्हाला आमच्या गावचीच वाटायची, आणि कोण कुणासारखा यावरून बार्जीवर दोनदा मारामारी होता होता राहिली. ते पुस्तक कुणीतरी नेलं. झाकणावरचा खडू पावसात पुसला गेला, म्हणून कोण ते कळायला मार्ग नाही. २०११ किंवा १२ ची गोष्ट. प्रत ओळखायची खूण: पुठ्ठ्याच्या मागे ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे, तो ड्रायव्हरचा, पान ४१ वर चहाच्या पेल्याचा गोल आहे, तो माझा, आणि मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मुरगाव बंदरातल्या सात फेऱ्यांची नोंद आहे. आपल्या वाचकांपैकी कुणाकडे ती असेल तर परत मागत नाही. त्या वेळी चौदा-पंधरा जणांच्या हातातून गेलं होतं, आणखी एकाच्या गेलं. आपण कुठल्या पानावर आहात, तेवढं या पत्त्यावर कळवावं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त बार्ज मास्टर
नार्वे, डिचोली

ता. क. ड्रायव्हर म्हणतो, त्याला उद्देशून लिहिताना 'माजी' लिहू नये. त्याच्या म्हणण्याप्रमाणे इंजिन बंद आहे, ड्रायव्हर चालू आहे. मी वर कुठे तसं लिहिलेलं नाही ना, ते कृपया तपासून छापावं.